बीगल घरात, जंगल कुंपणापलीकडे : लहान शिकारी कुत्रा पाळताना

बंगळूरू शहर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला असलेल्या आनेकल तालुक्याला दोन शेजार लाभले आहेत. एका बाजूला होसूरकडे जाणारा महामार्ग आणि त्याच्या कडेने बोम्मसंद्र, चंदापुर, अत्तिबेले अशी कारखाने, कार्यालये व बहुमजली निवासी संकुले यांची जवळजवळ सलग रांग आहे. दुसऱ्या बाजूला सुमारे २६० चौरस किलोमीटरवर पसरलेले बन्नेरघट्टा राष्ट्रीय उद्यान आहे. कन्नड भाषेत ‘आने’ म्हणजे हत्ती आणि ‘कल्लु’ म्हणजे दगड. गावाच्या नावाची व्युत्पत्ती कोणतीही मानली, तरी नाचणीचे पीक उभे असताना हत्तींचे कळप या तालुक्यातील शेतांत उतरतात, हा येथील शेतकऱ्यांचा नेहमीचा अनुभव आहे.

या दोन शेजारांच्या मधल्या पट्ट्यात गेल्या दोन-अडीच दशकांत नव्या वसाहती उभ्या राहिल्या. नोकरीनिमित्त देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेली कुटुंबे तेथे स्थिरावली आणि घर स्थिरावले की कुत्रा पाळण्याचा विचार ओघाने येतोच. सदनिकेत मावेल, मुलांशी खेळेल, पाहुण्यांवर धावून जाणार नाही असा कुत्रा हवा असतो. या अपेक्षांत बीगल ही जात अगदी चपखल बसते असे प्रथमदर्शनी वाटते. लांब लोंबणारे कान, तपकिरी डोळे, पांढरा-काळा-तांबूस रंग आणि साधारण नऊ ते अकरा किलो वजन. चार्ल्स शुल्झ यांच्या ‘पीनट्स’ या चित्रमालिकेतील स्नूपी याच जातीचा असल्याने त्याची ओळख मुलांनाही असते.

बीगल हा घरगुती स्वभावाचा कुत्रा आहे, यात शंका नाही. मात्र तो शिकारी कुत्रा आहे, ही गोष्ट पिल्लू घरी आणताना बहुधा विसरली जाते. त्याचा आकार लहान असला तरी त्याच्यातील शिकारी लहान नाही. पुढे ज्या अडचणी उद्भवतात, त्यांतील बहुतेकांचे मूळ या एका विस्मरणात असते.

नजरेचा शिकारी आणि नाकाचा शिकारी

मराठी वाचकाला शिकारी कुत्रा म्हटले की मुधोळ किंवा कारवानी आठवतो. उंच, सडसडीत, खोल छातीचा आणि वाऱ्याच्या वेगाने धावणारा. कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात असलेल्या मुधोळ संस्थानावर मराठा घोरपडे घराण्याची सत्ता होती आणि या कुत्र्यांच्या जोपासनेचे श्रेय त्या घराण्याला दिले जाते. महाराष्ट्रात लातूर परिसरात कारवानी आणि केसाळ पश्मी कुत्री पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली. टपाल खात्याने जानेवारी २००५ मध्ये भारतीय श्वानजातींवर तिकिटे काढली, तेव्हा त्यांत रामपूर हाउंड आणि राजपाळयम यांच्यासोबत मुधोळ हाउंडही होता.

ही सर्व कुत्री नजरेवर शिकार करणारी आहेत. दूरवर हलणारा ससा त्यांना दिसतो, ती झेपावतात आणि काही क्षणांत निकाल लागतो. सावज दृष्टीआड झाले की त्यांचा पाठलागही बहुधा संपतो.

बीगलची घडण याच्या अगदी उलट आहे. तो नाकावर शिकार करतो. इंग्लंडमध्ये सशाच्या शिकारीसाठी ही जात घडवली गेली. तिचे आजचे रूप साधारणपणे एकोणिसाव्या शतकात आकाराला आले. १८३० च्या दशकात एसेक्समधील फिलिप हनीवूड या धर्मोपदेशकाने जोपासलेला कळप आधुनिक बीगलचा पाया मानला जातो. कोल्ह्यामागे धावणाऱ्या फॉक्सहाउंडच्या मागे घोडेस्वार जात. बीगलच्या मागे मात्र माणसे पायी चालत. त्यामुळे कुत्रा लहान आणि माणसाला गाठता येईल इतक्याच वेगाचा हवा होता. वेगाच्या बदल्यात त्याच्याकडून चिकाटीची अपेक्षा होती. ससा दिसेनासा झाल्यावर या कुत्र्याचे खरे काम सुरू होई. गवतावर, ओल्या मातीवर राहिलेला गंधाचा माग धरून तासन्‌तास चालत राहणे, वाट हरवली तर वर्तुळाकार फिरून ती पुन्हा शोधणे आणि सापडली की आपल्या सोबत्यांना व मागून येणाऱ्या माणसांना मोठ्या आवाजात कळवणे, हे त्याचे शिक्षण होते.

बीगलच्या नाकात गंध टिपणाऱ्या ग्राहकपेशींची संख्या सुमारे बावीस कोटी असल्याचे सांगितले जाते. माणसाच्या नाकात ती पन्नास ते साठ लाखांच्या घरात असते. संख्येपेक्षाही महत्त्वाची गोष्ट अशी, की या जातीची निवड करताना गंधाचा माग न सोडण्याचा हट्ट पिढ्यान्‌पिढ्या जोपासला गेला. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९८४ मध्ये लॉस एंजेलिस विमानतळावर प्रवाशांच्या सामानातील बेकायदा फळे व मांस हुडकण्यासाठी कुत्र्यांचे पथक नेमले, तेव्हा त्यासाठी बीगलचीच निवड झाली. नाक उत्तम, भूक जबरदस्त आणि चेहरा असा की बॅगेजवळ आला तरी प्रवासी घाबरत नाहीत. घरातही हेच तीन गुण अनुभवास येतात. फक्त तेथे त्यांना काम दिलेले नसते.

घरात काय घडते

पहिला प्रश्न हाकेला ओ देण्याचा. जर्मन शेफर्ड किंवा लॅब्राडोर यांना माणसाच्या आज्ञेकडे लक्ष ठेवून काम करण्यासाठी घडवले गेले. बीगलला माणसाच्या पुढे जाऊन स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवण्यासाठी घडवले गेले. त्यामुळे बंद खोलीत प्रत्येक हाकेला धावत येणारे पिल्लू मोकळ्या मैदानात नाक जमिनीला लागताच बहिरे झाल्यासारखे वागते. यात उद्धटपणा नाही आणि मंदपणाही नाही. त्या क्षणी त्याच्या मेंदूला दुसरे काम मिळालेले असते. शिक्षा करून ही सवय मोडत नाही. हाकेशी शिक्षेचा संबंध जुळला, तर कुत्रा परत यायलाच कचरतो.

यावर उपाय सोपा आहे, पण तो कायमचा आहे. कुंपण नसलेल्या जागी बीगलला मोकळे सोडायचे नाही. गळ्यातील पट्ट्याऐवजी छातीवर बसणारा हार्नेस आणि त्याला जोडलेली आठ-दहा मीटरची लांब दोरी वापरली, तर कुत्र्याला हुंगत फिरता येते आणि दोरीचे टोक माणसाच्या हातात राहते. फेरफटका म्हणजे ठरलेल्या वेगाने केलेली कवायत, ही माणसाची कल्पना. या कुत्र्याच्या लेखी एका झुडपापाशी घालवलेली पाच मिनिटे ही त्या फेरीतली सर्वांत मोलाची असतात. सकाळ-संध्याकाळ मिळून किमान तासभर असे फिरणे त्याला आवश्यक असते. पावसाळ्यात बाहेर पडता येत नसेल, तर खाण्यातील काही भाग घरातच जुन्या चादरीच्या घड्यांत, खोक्यांत किंवा पलंगाखाली लपवून शोधायला लावावा. नाकाला काम मिळाले की चपला, सोफा आणि कचऱ्याचा डबा यांचे आयुष्य वाढते.

दुसरा प्रश्न आवाजाचा. बीगल भुंकतो, हेल काढून रडतो आणि या दोहोंच्या मधला, माग लागल्याची वर्दी देणारा एक लांबलचक आवाजही काढतो. शेतांपलीकडच्या माणसाला ऐकू जावा यासाठीच तो आवाज निर्माण झाला. सदनिकेच्या जिन्यात तो कसा घुमत असेल, याची कल्पना करता येईल. त्यातच ही जात कळपात वाढलेली. दिवसभर एकटे राहणे तिला मानवत नाही. पती-पत्नी दोघेही सकाळी कामावर जाऊन रात्री परतणारे असतील आणि घरात वडीलधारे माणूस किंवा दुसरा कुत्रा नसेल, तर या जातीचा विचार सोडून देणेच योग्य. शेजाऱ्यांच्या तक्रारी हा त्यातला किरकोळ भाग. कुत्र्याचे हाल हा मोठा.

तक्रारींच्या संदर्भात एक गोष्ट माहीत असावी. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने फेब्रुवारी २०१५ मध्ये जारी केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार रहिवासी संघटनांना पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. भुंकणे हे अशा बंदीचे कारण होऊ शकत नाही आणि उद्वाहनाचा वापरही नाकारता येत नाही. मात्र त्याच सूचनांत कुत्रा पाळणाऱ्यांना शेजाऱ्यांची शांतता, परिसराची स्वच्छता आणि लसीकरण यांविषयी जबाबदारीने वागण्यासही सांगितले आहे. अनेक वसाहतींतील वादांत सूचनांचा हा दुसरा भाग कुणी वाचलेला नसतो.

तिसरा प्रश्न भुकेचा. पोट भरले हे बीगलला कळत नाही, असे पशुवैद्य गमतीने म्हणतात. त्यात गमतीचा भाग थोडाच आहे. लठ्ठपणा हा या जातीचा सर्वांत सामान्य आजार आणि लांबट पाठीच्या कण्यावर, सांध्यांवर त्याचा भार पडतो. बरगड्यांवरून हात फिरवल्यास त्या बोटांना सहज जाणवल्या पाहिजेत, ही घरगुती कसोटी पुरेशी आहे. मराठी स्वयंपाकघरात आणखी एक सावधगिरी आवश्यक ठरते. कांदा आणि लसूण कुत्र्यांच्या रक्तपेशींना अपाय करतात. द्राक्षे, बेदाणे आणि मनुका यांमुळे काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. किती खाल्ले म्हणजे घातक, याचे निश्चित प्रमाण सांगता येत नाही. चॉकलेटही विषारी. दिवाळीच्या चिवड्यातले बेदाणे किंवा शिऱ्यातल्या मनुका प्रेमाने भरवणाऱ्या आजी-आजोबांना हे आधीच समजावून सांगितलेले बरे.

लोंबत्या कानांत हवा खेळत नसल्याने त्यांत जंतुसंसर्ग होतो. आठवड्यातून एकदा कान तपासावेत. अपस्मार आणि थायरॉइडची कमतरता हे विकारही या जातीत आढळतात. दक्षिण भारतात गोचिडांमुळे होणारा ताप हा सर्वच कुत्र्यांचा शत्रू आहे आणि गवतात नाक खुपसून चालणाऱ्या कुत्र्याला त्याचा धोका अधिक. हवामानाची अडचण मात्र येथे फारशी नाही. बंगळूरूचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर असल्याने नागपूर किंवा सोलापूरच्या तुलनेत आनेकलचा उन्हाळा या आखूड केसांच्या कुत्र्याला सुसह्य असतो. फटाक्यांची गोष्ट वेगळी. तमिळनाडूच्या सीमेवर असलेल्या अत्तिबेलेत दिवाळीपूर्वी फटाक्यांचा मोठा बाजार भरतो आणि त्या दिवसांत भेदरून पळालेली कुत्री परत सापडणे कठीण जाते. गळपट्ट्यावर दूरध्वनी क्रमांक लिहिलेला बिल्ला आणि त्वचेखाली बसवलेली ओळखचिप, या दोन्ही गोष्टी तेव्हा उपयोगी पडतात.

कुंपणापलीकडचा गंध

पुण्यात किंवा ठाण्यात पळालेला बीगल फार तर रस्त्यावर जाईल. तेथे वाहनांचा धोका असतो आणि तो मुळीच कमी नाही. आनेकलमध्ये मात्र गंधाची वाट थेट जंगलात जाते. वसाहतीच्या भिंतीपलीकडे पडीक शेत, त्यापलीकडे निलगिरीची लागवड आणि त्यापलीकडे राष्ट्रीय उद्यानाची हद्द, अशी कित्येक ठिकाणची रचना आहे. रानससा, मुंगूस, रानडुक्कर यांचे माग या शेतांतून गेलेले असतात. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी ज्या गंधासाठी या कुत्र्याचे पूर्वज निवडले गेले, त्याच जातीचा गंध येथे पहाटेच्या दवात ताजा असतो.

बन्नेरघट्टाच्या जंगलात आणि भोवतालच्या टेकड्यांत बिबट्यांचा वावर आहे. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस एक बिबट्या आनेकलच्या वाटेवरील सिंगसंद्र-कुडलू भागात, निवासी इमारतींच्या ऐन वस्तीत शिरला होता. काही दिवस वनखात्याला हुलकावणी दिल्यानंतर १ नोव्हेंबर रोजी त्याला पकडण्याच्या मोहिमेत त्याचा मृत्यू झाला. बिबट्या वस्तीजवळ का येतो, याचे एक उत्तर महाराष्ट्रातून मिळते. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. ऊसशेतीच्या त्या प्रदेशातील बिबट्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा होता आणि त्यांतही ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा. शेळ्या गोठ्यात बांधलेल्या असतात. कुत्रे मोकळे असतात. दहा किलोचा, माग काढत एकटाच चाललेला आणि आपला ठावठिकाणा मोठ्याने सांगणारा कुत्रा बिबट्याला कसा दिसत असेल, हे वेगळे सांगायला नको.

धोका केवळ कुत्र्यालाच असतो असे नाही. हत्ती किंवा अस्वल समोर आल्यावर भेदरलेला कुत्रा मालकाकडे धाव घेतो आणि चिडलेले जनावर त्याच्या मागोमाग येते. रानात मोकळा सोडलेला कुत्रा त्यामुळे माणसाच्या जिवावर बेतू शकतो.

उलट दिशेचा धोका याहून कमी दिसतो, पण तो अधिक दूरगामी आहे. कुत्र्यांना होणारा डिस्टेंपर हा विषाणुजन्य रोग सिंह, वाघ, कोल्हे, रानकुत्रे अशा अनेक मांसभक्षक प्राण्यांना होऊ शकतो. आफ्रिकेतील सेरेंगेटीत १९९४ मध्ये या रोगाच्या साथीने सुमारे एक हजार सिंह दगावले. गुजरातमधील गीरमध्ये सप्टेंबर-ऑक्टोबर २०१८ मध्ये वीसहून अधिक सिंहांचा मृत्यू झाला, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने केलेल्या तपासणीत याच विषाणूची खात्री पटली. जंगलाच्या कडेला पाळलेल्या कुत्र्याला डिस्टेंपर, पार्व्हो, लेप्टोस्पायरोसिस आणि रेबीज यांच्या लसी वेळच्या वेळी देणे, यात कुत्र्याचे आणि कुटुंबाचे हित आहेच. कुंपणापलीकडच्या प्राण्यांचेही आहे. लसीचे वेळापत्रक पशुवैद्याकडून लिहून घ्यावे आणि दरवर्षीची रेबीजची मात्रा चुकवू नये.

काही हौशी मंडळींना बीगलच्या मागकाढू गुणाचे प्रयोग शेतात करून पाहण्याचा मोह होतो. येथे कायदा स्पष्ट आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत केवळ ठार मारणे येत नाही; वन्यप्राण्याला पकडणे, त्याचा पाठलाग करणे आणि त्याला हाकून काढणे यांचाही तीत समावेश आहे. कुत्रा सोडून सशाला पळवणे हा त्यामुळे खेळ राहत नाही. ब्रिटिश अमदानीत उटीजवळच्या वेनलॉक डाउन्सवर फॉक्सहाउंडच्या टोळ्या कोल्ह्यांमागे सोडल्या जात. त्या काळाच्या आठवणी रंजक असल्या तरी आज अनुकरणीय नाहीत.

सौम्यतेची किंमत

बीगलच्या बाबतीत बंगळूरूचे नाव आणखी एका कारणाने घेतले जाते आणि ते कारण या कुत्र्याच्या घरगुती स्वभावाशीच निगडित आहे.

नवे औषध माणसावर वापरण्यापूर्वी त्याची विषाक्तता प्राण्यांवर तपासण्याची पद्धत जगभर रूढ आहे. त्यासाठी बहुधा उंदरासारखा एक कृंतक प्राणी आणि दुसरा कृंतक नसलेला प्राणी वापरला जातो. हा दुसरा प्राणी म्हणून कुत्रा निवडला गेला, की तो जवळजवळ नेहमी बीगलच असतो. आकाराने लहान, एकाच पिंजऱ्यात इतरांसोबत राहू शकणारा आणि मुख्य म्हणजे सुई टोचणाऱ्या हातालाही सहसा न चावणारा. जो गुण पाहून कुटुंबे त्याला घरी आणतात, त्याच गुणामुळे तो प्रयोगशाळेत पोहोचला. बंगळूरू आणि आनेकलचा औद्योगिक पट्टा हे देशातील औषधनिर्माण व जैवतंत्रज्ञान संशोधनाचे मोठे केंद्र असल्याने हा प्रश्न या शहराच्या अगदी दाराशी आहे.

भारतात अशा प्रयोगांवर प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० अन्वये स्थापन झालेली केंद्रीय समिती देखरेख ठेवते. ‘सीपीसीएसईए’ या नावाने ती अनेक वर्षे ओळखली जात होती. अलीकडे तिचे नाव ‘सीसीएसईए’ असे आटोपशीर करण्यात आले. १९९८ च्या नियमांत पुढे करण्यात आलेल्या दुरुस्तीने एक महत्त्वाचे तत्त्व आणले. प्रयोग संपल्यावर प्राण्याची शुश्रूषा आणि पुनर्वसन ही प्रयोग करणाऱ्यांचीच जबाबदारी आहे आणि त्याचा खर्च संशोधनाच्या खर्चातच धरला गेला पाहिजे, असे हा नियम सांगतो. प्राण्याला दयामरण देण्याची मुभा केवळ ठरावीक परिस्थितीतच आहे.

या तत्त्वाचा सर्वांत ठळक परिणाम २०१६ मध्ये बंगळूरूत दिसला. शहरातील एका प्रयोगशाळेतून १५६ बीगल मुक्त करण्यात आले आणि ‘कम्पॅशन अनलिमिटेड प्लस ॲक्शन’ म्हणजेच ‘क्युपा’ या संस्थेमार्फत त्यांना घरे शोधण्यात आली. ही संस्था १९९१ पासून बंगळूरूत प्राण्यांसाठी काम करीत आहे. अशा मुक्त बीगलांसाठी ‘फ्रीगल’ असा शब्दही पुढे रूढ झाला. सहा वर्षांनंतर, २०२२ मध्ये, अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात एका प्रजनन केंद्रातून सुमारे चार हजार बीगल सोडवण्यात आले, तेव्हा ही गोष्ट जगभर गाजली. बंगळूरूतील कुटुंबांना तोवर या कामाचा अनुभव होता.

प्रयोगशाळेतून आलेला बीगल आणि दोन महिन्यांचे पिल्लू यांत मोठा फरक असतो. असा कुत्रा वयाने मोठा असतो. पण घराच्या दृष्टीने त्याला काहीच ठाऊक नसते. सपाट, कोरड्या फरशीवर वाढल्यामुळे गवतावर पाय ठेवायला तो बिचकतो. जिना चढणे, साखळीला धरून चालणे, कुकरची शिट्टी, पंखा, दारावरची घंटा, सारेच नवे. त्याच्या कानाच्या आतल्या बाजूस बहुधा गोंदलेला क्रमांक असतो; नाव त्याला पहिल्यांदाच मिळते. ठरावीक जागी शौचाला जाण्याची सवय लागायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात. घरात आधीच एखादा शांत कुत्रा असेल, तर त्याचे पाहून हा बरेच लवकर शिकतो. कळपाचा स्वभाव येथे मदतीला येतो. म्हणूनच दत्तक देताना दुसरा कुत्रा असलेल्या घरांना प्राधान्य देणे श्रेयस्कर मानले जाते.

पहिल्या काही दिवसांत अशा कुत्र्याला एक शांत कोपरा, ठरलेल्या वेळी खाणे आणि कमीत कमी पाहुणे एवढेच द्यावे. मुलांनी उचलून घेण्याची घाई करू नये. जमिनीवर बसावे आणि त्याला स्वतःहून येऊ द्यावे. घाबरलेला बीगल क्वचितच चावतो. तो थिजून उभा राहतो किंवा दार उघडे दिसताच पळ काढतो. हा दुसरा धोका अधिक गंभीर आहे. परतीची वाट ठाऊक नसलेला, हाकेची सवय नसलेला कुत्रा आनेकलसारख्या ठिकाणी काही तासांत दूर जाऊ शकतो. म्हणून दाराला आतून जाळीचा दुसरा दरवाजा आणि सज्जाला जाळी, या गोष्टी कुत्रा येण्यापूर्वीच बसवलेल्या असाव्यात.

प्राण्यांवरील चाचण्यांची गरज हळूहळू घटत आहे, हेही नोंदवले पाहिजे. सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करण्यास भारताने २०१४ मध्ये बंदी घातली. औषधांच्या बाबतीत २०२३ मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन पेशींवर आधारित आणि संगणकीय पद्धतींसारख्या पर्यायांना वाट मोकळी झाली. कुत्र्यांचा वापर पूर्णपणे थांबलेला मात्र नाही, आणि तो थांबेपर्यंत मुक्त झालेल्या कुत्र्यांना घरे लागतच राहणार आहेत.

पिल्लू विकत घेताना

दत्तक न घेता पिल्लू विकत घ्यायचे असेल, तर २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्रीविषयक केंद्रीय नियमांची माहिती असणे आवश्यक आहे. या नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करणाऱ्याने राज्याच्या जीवजंतू कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. मादी दीड वर्षाची होण्यापूर्वी आणि आठ वर्षांची झाल्यावर तिच्यापासून पैदास करता येत नाही, आणि आयुष्यात पाचपेक्षा अधिक वेळा तिला विऊ देता येत नाही. विक्रेत्याकडे नोंदणीचा क्रमांक मागावा आणि पिल्लाची आई पाहण्याचा आग्रह धरावा. रस्त्याच्या कडेला किंवा मोटारीच्या डिकीतून पिल्लू दाखवणारा विक्रेता आई दाखवू शकत नाही.

केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन विभागाने मार्च २०२४ मध्ये २३ श्वानजाती धोकादायक ठरवून त्यांवर निर्बंध घालण्याचे पत्र राज्यांना पाठवले होते. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते त्याच वर्षी एप्रिलमध्ये रद्द केले. बीगल त्या यादीत नव्हता. त्या वादाच्या काळात लहान आणि सौम्य जातींकडे ओढा वाढणे स्वाभाविक होते, पण यादीत नाव नसणे म्हणजे पाळायला सोपे असणे नव्हे.

बीगलचे आयुष्य साधारण बारा ते पंधरा वर्षांचे असते. आज पहिलीत असलेले मूल बारावी उत्तीर्ण होऊन घराबाहेर पडेल, तेव्हाही कुत्रा घरात असेल, आणि त्याला पहाटे फिरवण्याचे काम तोवर बहुधा आई-वडिलांकडे आलेले असेल. बदलीच्या नोकरीत असलेल्या कुटुंबांनी नव्या शहरात कुत्र्यासह घर भाड्याने मिळेल का, गावी गेल्यावर त्याला कोण सांभाळील, याचा विचार पिल्लू आणण्यापूर्वी करावा. निर्णय पक्का होत नसेल, तर एक मधला मार्ग उपलब्ध आहे. प्राणिकल्याण संस्थांना सुटका झालेले कुत्रे काही आठवड्यांसाठी घरी ठेवून घेणाऱ्या कुटुंबांची सतत गरज भासते. या काळात कुत्र्याचा खर्च व उपचार यांबाबत संस्थेशी आधीच लेखी बोलणे करून घ्यावे, आणि पहिल्याच दिवशी लांब दोरी व हार्नेस मागून घ्यावा.